संधीचा रकाना

फादरांनी चर्चच्या पत्रिकेसाठी आमच्या यांच्यावर एक पान लिहून मागितलंय. यांना जाऊन वर्ष होत आलं, म्हणून. सोबत चिठ्ठी दिली आहे, पानात काय काय यावं त्याची: जन्म, शिक्षण, व्यवसाय, चर्चची सेवा, आणि शेवटी 'आपली श्रद्धा धीटपणे इतरांना सांगितल्याचा एक प्रसंग'. पहिल्या चार गोष्टी मी दहा मिनिटांत लिहून मोकळी झाले. पाचवीपाशी तीन आठवडे अडून बसले. प्रसंग आठवत नाही असं नाही. चांगला आठवतो, आणि तो माझ्याच अंगाशी येतो.

हे चष्मेवाले होते. दुकान म्हणजे एक अरुंद खोली. पुढे काउंटर, मध्ये तपासणीची खुर्ची, मागे पडद्याआड काचा घासायची मशीन. खुर्चीसमोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता आणि तक्त्याच्या बरोबर वर वीतभर लाकडी क्रूस. मी म्हणायचे, क्रूस मोठा लावा, खाली एखादं वचन लिहा, आयती माणसं समोर बसतात. हे म्हणायचे, "लोक तक्ता वाचायला येतात गं."

गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की नाकावर ती जड, गोल खाचांची फ्रेम चढायची. पहिली मोठी अक्षरं वाचून झाली की कुणी ना कुणी विचारायचंच, "तुम्ही हे सगळं मानता वाटतं?" हे हातातलं भिंग बदलत म्हणायचे, "मानतो तर. त्याच्याच भरवशावर रोज दुकान उघडतो. आता खालची ओळ वाचा." संपलं. एवढंच. समोरचा माणूस नाकावर अर्धा किलो लोखंड घेऊन बसलेला, पळून जायची सोय नाही, आणि आमचे हे त्याला खालची ओळ वाचायला लावणार! मला अगदी चरफडायला व्हायचं.

खोटं मात्र यांना बोलता यायचं नाही. कुणी नवा चष्मा करायला आलं आणि नंबर तोच निघाला, तर "नंबर वाढलेला नाही, काच पुसत जा" म्हणून परत पाठवायचे. दुपारी बाराला हातातलं काम ठेवून उभे राहायचे आणि दोन मिनिटं प्रार्थना करायचे. गिऱ्हाईक असलं तर "दोन मिनिटं हं" म्हणायचे. कधी कुणी कुरकुर केलेली मला आठवत नाही. शनिवारी दुपारी एक जुनी पेटी घेऊन वृद्धाश्रमात जायचे आणि तिथल्या म्हाताऱ्यांच्या चष्म्यांचे स्क्रू आवळून द्यायचे, वाकड्या काड्या सरळ करून द्यायचे. तिथे कुणी विचारलं, हे का करता, तर "प्रभूचं काम आहे" म्हणायचे, आणि पुढचा चष्मा घ्यायचे. लाजले कधीच नाहीत आणि एका वाक्याच्या पुढे गेलेही नाहीत.

शेजारच्या दुकानात घड्याळवाले. मधली भिंत म्हणजे नुसतं प्लायवूड. दोघांची मैत्री आमच्या लग्नाच्याही आधीची, एकमेकांना अरे-तुरे करायचे. यांचे मित्र म्हणून माझे ते भाऊजी. देव, धर्म, प्रार्थना यातलं काहीच त्यांच्या खिजगणतीत नव्हतं. मी विषय काढला की म्हणायचे, "वहिनी, देवाशी माझं भांडण नाही हो. ओळखच नाही, तर भांडू कशाला?" आणि गंमत अशी, की बाराची वेळ यांना तेच द्यायचे. त्यांच्या भिंतीवर दुरुस्तीला आलेली घड्याळं, त्यातली काही पुढे, काही मागे. त्यामुळे ठोक्यांवर विसंबायची सोय नव्हती. भाऊजी आपल्या मनगटावरच्या घड्याळात बघून बरोबर बाराला प्लायवूडवर दोन टकटक करायचे आणि ओरडायचे, "ऊठ रे, तुझी वेळ झाली!"

भाऊजींची बायको आजारी पडली आणि आठ महिन्यांत गेली. मूलबाळ नव्हतं. त्यानंतर महिनाभर हे रोज दुपारी आपलं दुकान बंद करून भाऊजींच्या दुकानात जाऊन बसायचे. काय बोलता, म्हणून मी विचारलं. म्हणाले, "काही नाही. तो घड्याळं उघडतो, मी बघतो." मी म्हटलं, अहो, हीच वेळ आहे चार शब्द सांगायची, पुनरुत्थानाबद्दल, आशेबद्दल. तुम्ही काय मिठाची गुळणी धरून बसताय? दुसऱ्या दुपारी हे पुन्हा तसेच जाऊन बसले.

आणि मग एका शनिवारी भाऊजींनीच यांना विचारलं, "तुमच्या चर्चमध्ये नुसतं येऊन बसलं तर चालतं का रे? काही करावं लागतं?"

हे म्हणाले, "काही करावं लागत नाही. बसायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्साला, रविवारच्या उपासनेला, भाऊजी आले. शेवटच्या बाकावर, दाराजवळच्या कडेला बसले. सगळे उठले की उठायचे, सगळे बसले की बसायचे. गुडघे टेकायच्या वेळी मात्र नुसते मान खाली घालायचे. पुढच्या रविवारी पुन्हा आले. असे चार महिने. हे त्यांच्याजवळ जाऊन बसले नाहीत, नेहमीच्या बाकावरच बसले. मिस्सा संपल्यावर दोघं बाहेर पायऱ्यांवर भेटायचे, आणि चौकापर्यंत सोबत चालत जायचे. माझी तर जीभ शिवशिवायची. कोपरखळ्या मारून मारून मी यांना हैराण केलं. तरी ढिम्म.

त्याच सुमारास आमच्या चर्चच्या हॉलमध्ये शिबिर झालं: 'विश्वास सांगा, धीटपणे'. तीन शनिवार. बाहेरून एक सर आले होते, गालाला चिकटवलेला माईक आणि हातात लाल ठिपक्याची बॅटरी. बोलायचे छान, खोटं कशाला सांगू? शिबिराची प्रमुख मी होते. ओळीने खुर्च्या मांडण्यापासून शेवटच्या आभारापर्यंत सगळं माझ्या शिरावर, आणि ते मला आवडतही होतं. सर म्हणाले, माणूस दुःखात असतो तेव्हा त्याच्या मनाची दारं उघडी असतात, ती वेळ दवडू नका. शंभर माणसांनी वहीत उतरवून घेतलं, त्यात पहिली मी.

शेवटच्या शनिवारी प्रत्येकाला एक कार्ड मिळालं. ज्या एका माणसाला तुम्हाला प्रभूकडे आणायचंय त्याचं नाव लिहायचं. त्याखाली तीन रकाने छापलेले: नातं, अडसर, संधी. यांनी कार्ड घरी आणलं आणि जेवणाच्या टेबलावर बसून आपल्या नेहमीच्या पेन्सिलीनं भाऊजींचं नाव लिहिलं. नात्यापुढे लिहिलं, मित्र. आणि पेन्सिल कानावर खोचून उठले.

"बाकीचं?" मी विचारलं.

"बाकी काय लिहायचं?"

"अहो, रिकामं चालत नाही. प्रमुखाच्याच नवऱ्याचं कार्ड अर्धवट, लोक काय म्हणतील?"

मग मी पेन घेतलं. अडसरापुढे लिहिलं, 'हट्टी स्वभाव, देव मानत नाहीत'. संधीपुढे लिहिलं, 'पत्नीचं निधन. एकटेपणा'. अक्षर माझं बरं आहे, सुवाच्य आहे. निळ्या शाईत छान उठून दिसत होतं.

यांनी कार्ड हातात घेऊन वाचलं. पुन्हा वाचलं. म्हणाले, "असं लिहीत नाहीत गं माणसाबद्दल. खोड ते."

मी म्हटलं, "प्रार्थनेसाठी तर आहे. देवाला काय माहीत नाही का?"

यांनी खोडलं नाही. मी कार्ड पुढे ओढून घेतलं आणि पर्समध्ये टाकलं. तेव्हाच ते फाडून टाकलं असतं यांनी तर बरं झालं असतं. पण माझ्याशी वाद घालण्यापेक्षा यांना मशीनवर काचा घासणं सोपं वाटायचं.

कार्डं वेदीजवळच्या पेटीत ठेवायची असं ठरलं होतं. माझ्या डोक्यात कल्पना आली, की पेटीत ठेवून काय उपयोग? सगळ्यांनी सगळ्यांच्या माणसांसाठी प्रार्थना करावी. म्हणून मी कापड लावलेला एक मोठा फलक करून घेतला, वर कागदी अक्षरांत 'हरवलेली मेंढरं' असं चिकटवलं आणि भरून आलेली त्रेसष्ट कार्डं ओळीने टाचली. फादर प्रवासात होते, मला अडवायला कुणी नव्हतं. फलक लावला कुठे, तर शेवटच्या बाकाच्या मागे, कारण तेवढी एकच भिंत मोकळी होती. आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही, की ज्यांची नावं इथे टाचतोय त्यांच्यातलं कुणी आपण होऊन चर्चमध्ये येईल. शिबिर भरवलं ते कशासाठी, तर लोकांनी यावं म्हणून. आणि ते येतील असं मात्र कुणीच धरून चाललं नव्हतं. एक तर आधीपासून येतच होता, आणि मीच त्याचं नाव टाचत होते.

त्या रविवारी बायबलमधलं पहिलं वाचन माझ्याकडे होतं. मी पुढे जाऊन उभी राहिले आणि वाचायला लागले. पुढून सगळं चर्च दिसतं. भाऊजींना जरा उशीर झाला होता. ते आले, बाकाकडे वळले, आणि त्यांचं लक्ष फलकाकडे गेलं. त्यांनी खिशातून चष्मा काढला, यांनीच करून दिलेला, वाचायचा. चष्मा लावून ते फलकाजवळ वाकले. बराच वेळ वाकून होते, म्हणजे दोनदा तरी वाचलं असणार. मग चष्मा काढला, डबीत ठेवला, डबी खिशात ठेवली आणि आल्या दारानं निघून गेले.

मी वाचत राहिले. माझा आवाज जरासुद्धा हलला नाही, आणि त्या वेळी मला त्याचं कौतुकच वाटलं.

मिस्सा संपल्यावर हे पायऱ्यांवर थांबले. भाऊजी नाहीत म्हटल्यावर आत आले, फलकासमोर गेले आणि तिथे उभे राहिलेले मला दिसले. यांनी आपलं कार्ड काढलं, टाचणीसकट खिशात घातलं. टाचणी बोटात घुसली होती, ते जेवताना मला दिसलं.

सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी हे भाऊजींकडे गेले. परत आले ते पाच मिनिटांत. मी डबा द्यायला दुकानात आले होते.

"काय म्हणाले?"

"काही नाही. मी म्हटलं, चुकलं. त्यानं विचारलं, हे तू लिहिलंस? मी म्हटलं, हो."

"हो म्हणालात? सगळं?"

"सगळं."

"पण का?"

यांनी डबा कपाटात ठेवला. "तुला दर रविवारी तिथे पुढे उभं राहायचंय," म्हणाले. "माझं काय, मी मागे बसतो."

मला काय वाटलं ते स्पष्ट लिहिते, कारण त्याशिवाय या सगळ्याला अर्थ नाही. मला हायसं वाटलं. लाज वाटायला हवी होती, ती नंतर वाटली, बरीच नंतर. त्या सकाळी मी घरी आले आणि निवांतपणे चहा प्यायले.

त्यानंतर सहा वर्षं दोघं शेजारी शेजारी दुकानं चालवत होते. अबोला म्हणावा तर तोही नव्हता. "पोस्टमन येऊन गेला", "तुझ्या दारात पाणी साचलंय", एवढं बोलायचे. दुपारची टकटक बंद झाली. हे प्रार्थनेसाठी मोबाइलवर गजर लावायला लागले, आणि काम असलं की तो बंदही करायला लागले. एकदा मी दुकानात असताना खुर्चीतल्या बाईनं क्रुसाकडे बघून विचारलं, तुम्ही फार मानता का हो हे सगळं? हे म्हणाले, "खालची ओळ वाचा." मधलं वाक्यच गाळलं यांनी. वृद्धाश्रमात जायचे, स्क्रू आवळायचे, आणि कुणी काही विचारलं तर बहिऱ्यासारखे राहायचे.

आणि मी? माझं उत्तम चाललं होतं. आसपासच्या चर्चमधून मला शिबिरं घ्यायला बोलवत होते. एका ठिकाणी तर मी भाऊजींचंच उदाहरण दिलं, नाव न घेता. एक दुःखी माणूस प्रभूच्या दारापर्यंत आला आणि आपल्या अहंकारापायी परत गेला, अशी गोष्ट केली मी त्याची. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी हे मला सोडायला आले होते, हॉलमध्ये मागे बसले होते. गोष्ट संपल्यावर पाहिलं तर खुर्ची रिकामी होती. बाहेर जिन्यावर माझी पिशवी सांभाळत बसलेले सापडले.

"कसं झालं?" मी विचारलं.

"आवाज चांगला लागला होता," म्हणाले.

गेल्या वर्षी एका दुपारी हे पडद्याआड काच घासत होते. प्लायवूडपलीकडून भाऊजींना मशीनचा आवाज ऐकू आला. काच टेकली की त्या मशीनचा आवाज बदलतो. त्या दिवशी तो बदलेना, मशीन नुसतीच फिरत राहिली. भाऊजी धावत आले. हे मशीनशेजारी पडले होते. भाऊजींनी मशीन बंद केली, ॲम्ब्युलन्स बोलावली, मला फोन केला. मी पोचले तेव्हा ते जमिनीवर मांडी घालून बसले होते आणि यांचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. सगळं आटोपलं होतं.

अंत्यविधीला चर्च भरलं होतं. भाऊजी आत आले नाहीत. समोरच्या फुटपाथवर इस्त्रीचे कपडे घालून उभे होते. शवपेटी बाहेर आली तशी त्यांनी मान खाली घातली, आणि निघून गेले.

आता फादरांना प्रसंग हवा आहे. वृद्धाश्रमाचं काहीतरी गोड लिहून देता आलं असतं, आणि एकदा दिलंही होतं लिहून. मग फाडलं. परवा दुपारी उठले आणि घड्याळाच्या दुकानात गेले. आमचं दुकान बंदच आहे, शटरवर धूळ बसली आहे. तिथून भाऊजींच्या उंबऱ्यापर्यंत दहा-बारा पावलं असतील. शंभर माणसांसमोर उठून जाणं त्यापेक्षा सोपं होतं.

भाऊजींनी डोळ्यावरचं भिंग काढलं आणि स्टूल पुढे सरकवलं. "बसा वहिनी."

मी बसले नाही. म्हटलं, "भाऊजी, त्या कार्डावरचं मी लिहिलं होतं. यांनी फक्त नाव लिहिलं होतं, आणि मित्र. बाकी सगळं माझं."

"ठाऊक आहे," ते म्हणाले.

"यांनी सांगितलं?"

"त्यानं काय सांगितलं ते तुम्हालाही ठाऊक आहे. अहो वहिनी, तीस वर्षं त्याच्या चिठ्ठ्या येत होत्या मला, पेन्सिलीनं लिहिलेल्या, कोंबडीचे पाय उमटल्यासारख्या. त्याचं अक्षर मला कळणार नाही?"

मी स्टुलावर बसले.

"कार्डाचा राग चार दिवस आला," भाऊजी म्हणाले. "जाणारच होता तो राग. पण तो इथे उभा राहून माझ्या तोंडावर खोटं बोलला. त्याच्या तोंडून मी कधी खोटं ऐकलं नव्हतं. म्हटलं, आज ना उद्या येईल, खरं सांगेल. नाहीतर तुम्ही याल. त्याला आधी बोलता येईना, आणि मलाही. मधे प्लायवूड तर होतं, पण दोघंही बसून राहिलो आपापल्या बाजूला."

"मी आले ना आज," मी म्हटलं. माझाच आवाज मला केविलवाणा वाटला.

"हो, आलात." त्यांनी समोरचं उघडलेलं घड्याळ जरा बाजूला केलं. "एक विचारू वहिनी? चर्चमध्ये यायचो तेव्हा तो म्हणाला होता, तुझ्यासाठी रोज प्रार्थना करतो. नंतरही करायचा का? शेवटपर्यंत?"

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. त्या माणसाला तेवढंच हवं होतं, आणि द्यायला मला काही जड गेलं नसतं. पण यांची प्रार्थना मनातल्या मनात चालायची. मी रोज यांच्या शेजारी गुडघे टेकले, आणि काय मागता, कुणासाठी मागता, हे कधीच विचारलं नाही.

"माहीत नाही," मी म्हटलं. "मी यांना कधी विचारलं नाही."

भाऊजींनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. "इतक्या लोकांना सांगत फिरलात की हो तुम्ही, आणि त्याला तेवढं विचारलं नाहीत," म्हणाले.